युरोव्हिजन गीतस्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की मोबाइलवर कुठून कुठून क्लिपा येऊ लागतात. कुणी पेटलेला पियानो वाजवतंय, राक्षसांचे मुखवटे घातलेला बँड नाचतोय, दाढीवाली गायिका सोनेरी झग्यात उभी आहे. आणि खाली दोन देशांचे लोक एकमेकांवर तुटून पडलेले. मग कुणीतरी विचारतंच, की ही भानगड नेमकी आहे तरी काय. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक आधीच सांगून टाकतो: मला गाण्यांपेक्षा या स्पर्धेच्या नियमांचा इतिहास जास्त रंगतदार वाटतो. जवळजवळ प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी भांडण, कुणाचे रुसवेफुगवे, नाहीतर कुणाची लबाडी आहे. त्यामुळे उत्तरं त्या अंगाने जास्त लांबली असतील तर समजून घ्या.

युरोव्हिजन म्हणजे नेमकं काय?

देशादेशांतली गाण्यांची स्पर्धा. १९५६ पासून दरवर्षी होते, फक्त २०२० साली झाली नाही. प्रत्येक देशाची सार्वजनिक टीव्ही वाहिनी एक नवं गाणं पाठवते, ते सगळ्या देशांत एकाच वेळी थेट दाखवलं जातं, मग देश एकमेकांच्या गाण्यांना गुण देतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. सगळी गंमत या शेवटच्या अटीत आहे.

आजवर ५२ देशांनी निदान एकदा तरी भाग घेतलाय. २०२५ मध्ये ३७ देश होते आणि आयोजकांच्या आकड्यानुसार १६.६ कोटी लोकांनी ती पाहिली.

ही कल्पना निघाली कुणाच्या डोक्यातून?

गाण्याचं वेड असलेल्या कुणाच्या नव्हे, तर टीव्हीवाल्यांच्या. युरोपातल्या सरकारी आणि सार्वजनिक प्रसारकांनी १९५० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन (ईबीयू) ही संघटना काढली. १९५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावचा फुलांचा उत्सव आणि पाठोपाठ फुटबॉलचा विश्वचषक अनेक देशांत एकदम दाखवून पाहिला. डोंगरमाथ्यांवरच्या टॉवरांतून एका देशाचं चित्र दुसऱ्या देशात पोचवणं हे तेव्हा मोठंच दिव्य होतं. ते जमलं. आता या जाळ्यावर दरवर्षी दाखवायचं काय, हा प्रश्न उरला.

स्विस प्रसारणातले मार्सेल बेझाँसाँ यांच्यापुढे इटलीतल्या सानरेमो गीतमहोत्सवाचं उदाहरण होतं. तो १९५१ पासून चालू होता आणि चांगला गाजत होता. तसंच काहीतरी सगळ्या देशांनी मिळून करावं, असं त्यांनी सुचवलं, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये रोमला झालेल्या सभेत ते मंजूर झालं. 'युद्धाने विस्कटलेल्या युरोपाला सुरांनी जोडलं' असं आता समारंभात ऐकवलं जातं. ते ऐकायला बरं वाटतं, पण तेव्हाची खरी काळजी तारा, टॉवर आणि सिग्नल यांची होती.

पहिली स्पर्धा कशी झाली?

२४ मे १९५६, स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातलं लुगानो शहर, कुर्साल नाट्यगृह. सात देश: नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि इटली. प्रत्येकाची दोन गाणी, म्हणजे एकूण चौदा. बहुतेकांच्या घरी टीव्ही नव्हताच, लोकांनी ती रेडिओवर ऐकली.

परीक्षक बंद दाराआड बसले आणि त्यांना स्वतःच्या देशालाही गुण देण्याची मुभा होती. त्यात लक्झेंबर्गने आपले परीक्षक पाठवलेच नाहीत, त्यांच्या वतीने स्विस मंडळींनी मतं दिली. आणि जिंकलं कोण? स्वित्झर्लंडची लीस आसिया. कुणाला किती गुण पडले ते आजतागायत जाहीर झालेलं नाही. पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टला मंचावर गुणफलक आला, मतं उघडपणे सांगायची पद्धत पडली आणि स्वतःच्या देशाला मत देणं बंद झालं.

त्या पहिल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाहायला मिळतं का?

पूर्ण नाही. आवाजाचं ध्वनिमुद्रण बरंचसं आहे, पण चित्र फक्त शेवटचं, लीस आसिया विजेतं गाणं पुन्हा गाते तेवढंच. १९६४ च्या कोपनहेगनच्या स्पर्धेचंही संपूर्ण चित्रीकरण हाती नाही.

गाणं तीनच मिनिटांचं का?

इटलीमुळे. १९५७ मध्ये त्यांच्या नुन्त्सिओ गालोने पाच मिनिटांच्या वर गाणं लांबवलं. थेट प्रक्षेपण, प्रत्येक देशाचं पुढचं वेळापत्रक ठरलेलं. तेव्हापासून तीन मिनिटांची मर्यादा कसोशीने पाळली जाते. मंचावर एका वेळी जास्तीत जास्त सहा माणसं, मुख्य आवाज प्रत्यक्ष गायलेला, गायक किमान सोळा वर्षांचा हे बाकीचे नियम. सोळा वर्षांची अट १९९० पासून आली, कारण १९८९ मध्ये दोन देशांनी अगदी लहान मुलं उभी केली आणि बरीच ओरड झाली.

वाद्यं मात्र प्रत्यक्ष वाजत नाहीत. गिटार गळ्यात असते, ड्रम बडवले जातात, पण ऐकू येतं ते ध्वनिमुद्रित. १९९८ पर्यंत समोर ऑर्केस्ट्रा असायचा, दर देशाचा संगीत संचालक येऊन काठी हलवायचा. १९९९ ला तो गेला. जुन्या मंडळींना अजून त्याची हळहळ वाटते, आणि जुनी रेकॉर्डिंग पाहिली की मलाही वाटते.

गुण एक ते आठ, मग दहा, मग एकदम बारा. नऊ आणि अकराने काय घोडं मारलंय?

मतदानाच्या पद्धती सुरुवातीच्या वीस वर्षांत इतक्यांदा बदलल्या की मोजत बसू नये. त्यातला सगळ्यात मोठा फज्जा १९६९ चा, माद्रिदमधला. तेव्हा दर देशाचे दहा परीक्षक प्रत्येकी एका गाण्याला एक मत देत. शेवटच्या देशाची मतं आली आणि फलकावर स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स चौघेही अठरावर. बरोबरी झाली तर काय करायचं, हे नियमांत लिहिलेलंच नव्हतं. निवेदिका लॉरिता वॅलेन्झुएला गोंधळून ईबीयूच्या पर्यवेक्षकाकडे पाहते, जिंकलं कोण म्हणून विचारते, आणि तो शांतपणे सांगतो की चौघेही जिंकले. सोळा देशांच्या स्पर्धेत चार विजेते!

बाकीच्यांचा पारा चढला. पुढच्या वर्षी स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, पोर्तुगाल यांनी पाठ फिरवली. ऑस्ट्रियाने तर फ्रँकोची हुकूमशाही असलेल्या स्पेनला जायला नको म्हणून १९६९ लाच अंग काढून घेतलं होतं, तेही परतले नाहीत. १९७० ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये उरले बारा देश.

आजचा बारा गुणांचा तक्ता १९७५ पासूनचा. प्रत्येक देश आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना गुण देतो: पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. वरच्या दोन जागांना जास्त वजन मिळावं म्हणून मध्ये फट ठेवलीय. बरोबरी सोडवायचे नियमही लिहून ठेवले गेले. ते १९९१ ला रोममध्ये उपयोगी पडले: स्वीडन आणि फ्रान्स दोघांनाही १४६ गुण, बाराचे गुणही दोघांना सारख्याच वेळा. शेवटी दहाचे गुण कुणाला जास्त वेळा पडले ते मोजलं आणि स्वीडनची कारोला जिंकली. फ्रान्सची अमीना एकही गुण कमी न मिळवता हरली.

गाणी कुठल्या भाषेत असतात?

ज्याला ज्या भाषेत गायचं त्या भाषेत, पण हे स्वातंत्र्य फार उशिरा मिळालं. सुरुवातीला नियम नव्हता, कारण आपल्याच भाषेत गायचं असतं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. १९६५ मध्ये स्वीडनचा गायक इंग्रजीत गायला आणि १९६६ पासून देशाच्या भाषेची सक्ती आली. १९७३ ला ती उठली, १९७७ ला पुन्हा बसली, १९९९ ला कायमची गेली.

सक्तीच्या काळात पळवाटाही निघाल्या. शब्द कुणाला कळणार नाहीत ना, मग निरर्थक अक्षरंच गाऊ. १९६८ ला स्पेनच्या मासियेलने ब्रिटनच्या क्लिफ रिचर्डला एका गुणाने हरवलं त्या गाण्याचं नाव होतं 'ला ला ला'. ब्रिटनचं 'बूम बँग-अ-बँग', नेदरलँड्सचं 'डिंग-अ-डाँग', स्वीडनचं 'डिगी-लू डिगी-ले' हीसुद्धा सगळी विजेती गाणी. त्या 'ला ला ला'मागे आणखी एक गोष्ट आहे. ते गाणं आधी ज्वान मॅन्युएल सेरात गाणार होता. त्याला ते कातालान या स्पेनमधल्याच प्रादेशिक भाषेत गायचं होतं, फ्रँकोच्या राजवटीला ते चालणं शक्य नव्हतं, म्हणून ऐनवेळी मासियेलला बोलावलं.

सक्तीचा फायदा अर्थातच इंग्रजी बोलणाऱ्या आयर्लंड आणि ब्रिटनला झाला. आयर्लंडने १९९२, १९९३, १९९४ अशी ओळीने तीन वर्षं आणि पुन्हा १९९६ ला बाजी मारली. भाषा मोकळी झाल्यावर त्यांचा तो दबदबा संपला, आणि सगळेच इंग्रजीत गाऊ लागल्याने गाणी बराच काळ एकसुरी झाली. हे माझं मत, पण फार कुणी भांडणार नाही. २०१७ ला साल्वादोर सोब्राल नावाचा पोर्तुगीज गायक अंगात ढगळ कोट घालून, नाच नाही, आग नाही, पोर्तुगीजमध्ये बहिणीने रचलेलं एक हळुवार गाणं गायला आणि ७५८ गुणांचा विक्रम करून गेला. पोर्तुगाल १९६४ पासून खेळत होता, तो पहिल्यांदा जिंकला. पुढे २०२१ ला इटली, २०२२ ला युक्रेन, दोघेही आपापल्या भाषेत जिंकले.

'आबा' बँड इथूनच पुढे आला ना?

हो. ६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्राइटन. स्वीडनच्या या चौकडीने 'वॉटर्लू' गायलं, त्यांचा संगीत संचालक चक्क नेपोलियनच्या वेशात आला. भाषेची सक्ती तेव्हा उठलेली होती म्हणून ते इंग्रजीत गाऊ शकले. तीन वर्षं उशीर झाला असता तर स्वीडिशमध्ये गावं लागलं असतं. गंमत म्हणजे ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना एकही मत दिलं नव्हतं.

पण त्या रात्रीची आबाखेरीजची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. जिंकणाऱ्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची असते, पण लक्झेंबर्ग लागोपाठ दोनदा जिंकलं होतं आणि पुन्हा यजमानपद नको म्हणालं, म्हणून स्पर्धा इंग्लंडला आली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू चारच दिवसांपूर्वी वारले होते, स्पर्धेच्या दिवशीच त्यांचा शोकसमारंभ होता, म्हणून फ्रान्सने माघार घेतली. इटलीच्या गाण्याचं नाव होतं 'सी', म्हणजे 'हो', आणि इटलीत महिन्याभराने घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत होतं. लोक 'हो'ला मत देतील या धास्तीने इटलीच्या सरकारी टीव्हीने स्पर्धाच दाखवली नाही. ते गाणं दुसरं आलं.

आणि पोर्तुगाल. पाउलो द कार्व्हाल्योचं गाणं तळाशी गेलं, तीन गुण. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने तेच गाणं लावलं. हुकूमशाहीविरुद्ध बंड करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचा तो ठरलेला इशारा होता. साधं प्रेमगीत, नुकतंच स्पर्धेत वाजलेलं, कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सत्ता कोसळली.

देशातर्फे गाणारा त्याच देशाचा लागतो का?

नाही. सेलीन डिऑन कॅनडाची, १९८८ ला डब्लिनमध्ये स्वित्झर्लंडतर्फे फ्रेंचमध्ये गायली आणि ब्रिटनला एका गुणाने मागे टाकून जिंकली. लक्झेंबर्ग पाच वेळा जिंकलं, पाचातला एकही गायक लक्झेंबर्गचा नव्हता. स्पर्धा कागदोपत्री आजही गाण्याची आहे, गायकाची नव्हे.

स्पर्धेत राजकारणाला बंदी आहे म्हणतात. खरंच?

नियमात आहे. राजकीय मजकुराचं गाणं चालत नाही. रशियाशी झालेल्या २००८ च्या युद्धानंतर जॉर्जियाने २००९ ला मॉस्कोमधल्या स्पर्धेसाठी असं गाणं दिलं की इंग्रजी ओळीत पुतिन यांचं नाव ऐकू यावं. बदला म्हटल्यावर त्यांनी माघार घेतली. आर्मेनियाला २०१५ ला गाण्याचं नाव बदलावं लागलं, इस्रायलला २०२४ ला शब्द आणि नाव दोन्ही. बेलारूसला २०२१ ला बाहेर काढलं.

पण २०१६ ला युक्रेनची जामाला '१९४४' नावाचं गाणं गायली. स्टालिनने त्या साली क्रिमियातल्या तातार लोकांना हद्दपार केलं, जामालाची पणजी त्यातली. दोनच वर्षांपूर्वी रशियाने क्रिमिया घेतला होता. हा इतिहास आहे, राजकारण नाही, असं ठरलं आणि ते गाणं जिंकलं. मला तो निर्णय योग्य वाटतो, पण रेघ कुठे मारायची हे दर वेळी कोण ओरडतंय त्यावर ठरतं हेही खरं.

जुनी उदाहरणं याहून कमाल आहेत. १९६४ ला कोपनहेगनमध्ये एक माणूस स्पेनचा फ्रँको आणि पोर्तुगालचा सालाझार या हुकूमशहांवर बहिष्कार घाला असा फलक घेऊन थेट मंचावर चढला. १९७८ ला इस्रायल जिंकतंय असं दिसताच जॉर्डनच्या टीव्हीने प्रक्षेपण तोडून फुलांचं चित्र लावलं आणि नंतर बेल्जियम जिंकल्याची बातमी दिली. बेल्जियम दुसरं होतं. २००९ मध्ये अझरबैजानमधल्या ४३ जणांनी शत्रू आर्मेनियाला फोनवरून मत दिलं, तर त्यातल्या काहींना सुरक्षा खात्याने चौकशीला बोलावलं.

सगळ्यात अंगावर येणारं वर्ष १९९३. बॉस्निया पहिल्यांदाच स्वतंत्र देश म्हणून उतरला आणि राजधानी सारायेव्होला वेढा पडलेला. त्यांचे कलाकार रात्री बंदुकधाऱ्यांचा मारा चुकवत विमानतळाची धावपट्टी ओलांडून शहराबाहेर पडले. स्पर्धा होती आयर्लंडच्या मिलस्ट्रीट या खेड्यात, घोड्यांच्या खेळांसाठी बांधलेल्या बंदिस्त मैदानात. मतदानात सारायेव्होला फोन लावला. खरखर, मग तुटक आवाज, आणि 'सारायेव्होहून बोलतोय' एवढं कळताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. यूट्यूबवर तो तुकडा आहे.

रशियाचं काय झालं? २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा ईबीयूने आधी म्हटलं, रशिया भाग घेऊ शकेल. इतर देशांच्या वाहिन्यांनी आम्हीच येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बंदी आली. त्या वर्षी युक्रेनचं कालुश ऑर्केस्ट्रा जिंकलं, प्रेक्षकांच्या मतांतून ४३९ गुण, हा विक्रमच. युद्धामुळे तिथे स्पर्धा भरवणं अशक्य, म्हणून २०२३ ला ती त्यांच्या वतीने लिव्हरपूलला झाली.

गाझातल्या युद्धापासून तोच प्रश्न इस्रायलबद्दल विचारला जातोय: रशियाला एक न्याय आणि यांना दुसरा का? ईबीयूचं उत्तर असं की स्पर्धा वाहिन्यांची आहे, सरकारांची नाही. हे सगळ्यांना पटलेलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या सभेत इस्रायलला वगळण्यावर मतदान न घेण्याचं ठरलं. त्यावर स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि मग आइसलंड यांनी २०२६ च्या व्हिएन्नातल्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. २०२४ चा विजेता निमो याने आपला चषक परत पाठवला. १९७० नंतरचा एवढा मोठा बहिष्कार हाच.

शेजारी देश एकमेकांना मतं वाटतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा देतात, तेव्हा सभागृहात लोक हसतात, इतकं ते ठरलेलं. स्वीडन, नॉर्वे अशा नॉर्डिक देशांचं, जुन्या युगोस्लाव्हियातल्या देशांचंही असंच चालतं. पण यात कट शोधायला जाऊ नये. शेजाऱ्यांचे गायक माहितीचे असतात, भाषा थोडीफार कळते, शिवाय दुसऱ्या देशात राहणारी आपली माणसं तिथून आपल्याच देशाला मत देतात. आणि शेजाऱ्यांच्या मतांवर वरचे दहा गाठता येतात, पहिला नंबर नाही. त्यासाठी चहूकडून गुण लागतात. फिनलंडचे लॉर्डी, ते राक्षसी मुखवटेवाले, २००६ ला २९२ गुणांनी जिंकले ते काही एकट्या स्वीडनच्या प्रेमावर नव्हे.

निकाल परीक्षक लावतात की जनता?

आता दोघं निम्मे निम्मे. चाळीस वर्षं फक्त परीक्षक होते. १९९७ ला पाच देशांनी फोनवरून मतदान घेऊन पाहिलं, १९९८ पासून ते सर्रास झालं. मग पूर्व युरोपातले देश जिंकू लागले, पश्चिमेकडच्यांची कुरकुर सुरू झाली, आणि २००९ ला परीक्षक परत आले. २०१६ पासून दोन्हींचे गुण वेगळे जाहीर होतात. आधी देशोदेशीचे निवेदक परीक्षकांचे गुण सांगतात, मग प्रेक्षकांचे गुण खालच्या नंबरापासून धाडधाड पडत येतात. शेवटच्या दहा मिनिटांत तळाचा देश वर आणि वरचा गटांगळ्या खात खाली. यासारखी दुसरी करमणूक टीव्हीवर नाही.

लबाडीही झाली. २०२२ च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांनी एकमेकांना गुण वाटून घेतल्याचं लक्षात आलं. त्यांची मतं रद्द झाली आणि पुढच्या वर्षीपासून उपांत्य फेरीतून परीक्षकच गेले. मग प्रेक्षकांच्या मतांवर बोट. २०२५ ला बाझेलमध्ये ऑस्ट्रियाचा जेजे ४३६ गुणांनी जिंकला, पण प्रेक्षकांच्या मतांत इस्रायल पहिला, २९७. इस्रायली सरकारी यंत्रणेने परदेशांत जाहिराती करून मतं मागितल्याची तक्रार झाली. म्हणून २०२६ साठी एका माणसाची मतं वीसवरून दहावर आणली, अशा प्रचाराला वेसण घातली आणि उपांत्य फेरीत परीक्षक पुन्हा बसवले. हे चक्र असंच फिरत राहणार.

इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया युरोपात कधी गेले?

सदस्यत्वाला खंडाची नाही, प्रसारण क्षेत्राची अट आहे, आणि त्यात भूमध्य समुद्राच्या भोवतीचे बरेच देश येतात. म्हणून इस्रायल १९७३ पासून आहे आणि मोरोक्कोही १९८० ला एकदा येऊन गेला. लेबनॉनने २००५ साठी गाणं निवडलं होतं, पण इस्रायलचं गाणं दाखवावं लागेल म्हटल्यावर माघार घेतली. ऑस्ट्रेलियाचा मामला वेगळा. तिथे युरोपातून गेलेले लोक भरपूर, १९८३ पासून ते पहाटे उठून स्पर्धा पाहायचे. २०१५ ला साठावी स्पर्धा म्हणून एका वर्षापुरतं पाहुणं बोलावलं, पाहुणे मुक्कामालाच राहिले.

जिंकल्यावर मिळतं काय?

काचेचा मायक्रोफोन. रोख बक्षीस नाही. आणि देशाला मिळतं पुढच्या वर्षीचं यजमानपद, म्हणजे खर्चाचं बिल. १९७९ ला इस्रायल लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला आणि पुन्हा भरवायला पैसे नाहीत म्हणाला. मोनाको १९७१ ला जिंकलं, पण स्पर्धा भरली एडिनबरात. असे नकार आले की बहुतेक वेळा ब्रिटनच्या बीबीसीने भार उचललाय, त्यामुळे ब्रिटनमध्ये ती सर्वाधिक नऊ वेळा झाली, जिंकले मात्र ते पाचदाच.

पैशाचा आणखी एक परिणाम: ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्पेन यांना २००० पासून थेट अंतिम फेरीत जागा. १९९६ ला जर्मनी प्राथमिक चाळणीतच बाहेर पडला होता, आणि मोठी वर्गणी भरणारा देशच नसेल तर कसं चालायचं! २०११ ला इटली परतल्यावर तोही त्यांत गेला.

सगळ्यात जास्त वेळा कोण जिंकलं?

आयर्लंड आणि स्वीडन, सात-सात वेळा. गायकांत आयर्लंडचा जॉनी लोगन (१९८०, १९८७) आणि स्वीडनची लोरीन (२०१२, २०२३) दोनदा. लोगनने १९९२ चं विजेतं गाणं लिहिलंही.

जिंकलं म्हणजे करिअर झालं का?

बहुतेकांचं नाही. आबा, सेलीन डिऑन आणि अलीकडे इटलीचा मोनेस्किन बँड सोडले तर विजेत्यांची यादी वाचताना आपल्याला फारशी नावं ओळखीची वाटणार नाहीत. उलट १९५८ ला इटलीच्या डोमेनिको मोदुन्योचं गाणं तिसरं आलं, जग त्याला 'व्होलारे' म्हणून ओळखतं, आणि त्याला पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात दोन मोठे पुरस्कार मिळाले. २०२२ ला विसाव्या आलेल्या आर्मेनियाच्या रोझा लिनचं गाणं मोबाइलवर जगभर वाजलं. १९९४ ला डब्लिनमध्ये मतमोजणीच्या मधल्या वेळात दाखवलेलं सात मिनिटांचं आयरिश नृत्य 'रिव्हरडान्स' त्या वर्षीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठं ठरलं.

हे आपल्या सारेगमपसारखंच ना?

एसएमएसचे दिवस आठवत असतील तर मतदानाचा ज्वर तोच. लिटिल चॅम्प्सच्या वेळी कार्तिकी की आर्या यावरून घराघरांत तट पडले होते. पण आपल्याकडे मुलं गाजलेली गाणी गायची, स्पर्धा गळ्याची. इथे गाणं नवंच हवं, स्पर्धा रचनेची आणि ती मंचावर कशी मांडली त्याची.

भारताने कधी अशा स्पर्धेत भाग घेतलाय का?

युरोव्हिजनमध्ये नाही. इंटरव्हिजनमध्ये घेतलाय. पोलंडमधल्या सोपोत गावी १९७७ ते १९८० या काळात पूर्वेकडच्या साम्यवादी देशांनी या नावाची स्पर्धा भरवली होती. युरोव्हिजनचे दरवाजे बंद झाल्यावर रशियाने सप्टेंबर २०२५ मध्ये मॉस्कोला ती पुन्हा सुरू केली. भारताकडून रौहान मलिक गायला, जिंकला व्हिएतनामचा डुक फुक.

भारतातून पाहता येतं का? मत देता येतं का?

दोन्ही येतं. स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर थेट प्रक्षेपण असतं. अंतिम फेरी तिकडे शनिवारी रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेली मध्यरात्र, आणि निकाल लागेस्तोवर साडेचार. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतल्या लोकांना ऑनलाइन पैसे भरून मत देता येतं. अशा सगळ्या जगाची मतं मिळून एका देशाइतकं वजन धरतात.

पहिल्यांदा पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

चार तास एकदम बसू नका. आधी १९७४ चं आबाचं गाणं, मग १९९३ चा सारायेव्होचा फोन, मग २०१७ चा सोब्राल. त्यानंतर २०१६ च्या मतदानाचा शेवटचा अर्धा तास लावा: परीक्षकांत ऑस्ट्रेलिया पहिला, प्रेक्षकांत रशिया पहिला, आणि दोन्हींकडे दुसरा आलेला युक्रेन बेरजेत जिंकतो. गाणी नंतर ऐकली तरी चालेल.